साक्ष खोटी नव्हती, आठवण चुकली होती

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावात २०१६ साली जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला आणि त्याच रात्री वस्तीवर मारहाण झाली. गावाचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मारहाण झाली याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. एकाचा हात मोडला होता, दोघांच्या डोक्याला टाके पडले होते. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादीत नऊ जणांची नावं होती. चार वर्षांनी निकाल लागला आणि नऊच्या नऊ जण सुटले.

केस मोडली ती नवव्या नावावर. वस्तीतल्या एका मावशींनी ठामपणे सांगितलं होतं की हा माणूस काठी घेऊन विहिरीच्या कडेला उभा होता. बचाव पक्षानं त्याची वाशी मार्केटची पट्टी आणि वाटेतल्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण आणलं. त्या रात्री तो भाजीची गाडी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर होता. मग वकिलानं विचारलं, ही बाई याच्याबद्दल खोटं बोलते, तर बाकीच्या आठ जणांबद्दल खरं बोलते हे कशावरून? त्यात भर म्हणजे आणखी तीन साक्षीदारांनी तेच नाव जवळजवळ त्याच शब्दांत घेतलं होतं. पढवलेले साक्षीदार, असा शिक्का बसला.

निकालानंतर वस्तीतही कुजबुज झाली. कुणी म्हणालं मावशींनी जुनं वैर काढलं, कुणी म्हणालं समोरच्यांनी पैसे चारून मुद्दाम चुकीचं नाव घ्यायला लावलं. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "दादा, मी खोटं नाही बोलले. मला तो अजून तिथं उभा दिसतो."

मावशी खरं बोलत होत्या. त्यांना तो दिसत होता. तो तिथं नव्हता, हेही तितकंच खरं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घ्यायला मला काही वर्षं लागली. त्यात माझी स्वतःची एक चूकही सापडली. ती पुढे सांगतो. त्याआधी एक छोटा खेळ. खालचे शब्द एकदाच सावकाश वाचा आणि परत मागे वळून पाहू नका.

ढग, छत्री, चिखल, ओढा, वीज, गारा, इरलं, आभाळ, गळकं छप्पर, भिजणं, पूर, गडगडाट.

स्मरणशक्ती एक नाही, अनेक आहेत

आपण आठवणीला कपाटातल्या फायलीसारखं समजतो. घटना घडली, फाईल ठेवली, गरज पडली की काढली. फाईल हरवली तर विसरलो, आणि चुकीची फाईल दाखवली तर खोटं बोललो. पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि घरातल्या भांडणातही हाच समज चालतो. मेंदूचं काम मात्र असं चालत नाही.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलाइसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फेफरं थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला. त्यानंतर त्याला नवीन प्रसंग लक्षात राहीनासे झाले. सकाळी भेटलेली डॉक्टर दुपारी त्याला अनोळखी वाटायची. पण ब्रेंडा मिलनर या संशोधिकेनं त्याला आरशात पाहून चित्र गिरवायला शिकवलं, तेव्हा तो दिवसागणिक सुधारत गेला. हात शिकला होता. आपण हे आधी कधी केलंय, हे मात्र त्याला आठवत नव्हतं. म्हणजे प्रसंग लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि हाताला वळण लावणारी यंत्रणा वेगळी.

१९७२ साली एंडेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञानं आणखी एक फरक मांडला. "मी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना घसरून पडलो" ही प्रसंगाची आठवण. "लेण्याद्री जुन्नर तालुक्यात आहे" ही माहितीची आठवण. पहिलीत मी आहे, वेळ आहे, जागा आहे. दुसरी कधी आणि कुणाकडून कळली, हे मला सांगता येणार नाही.

आपल्या कामापुरत्या चार स्मृती लक्षात ठेवू: प्रसंगस्मृती, ज्ञानस्मृती, सवयीची स्मृती आणि भावनेची स्मृती. चौघी वेगवेगळ्या पद्धतीनं काम करतात, पण आठवायच्या वेळी एकत्र येऊन एकच चित्र उभं करतात. त्या चित्रातला कुठला तुकडा कुणी दिला, हे आपल्याला आतून कळत नाही. खोटी आठवण तयार होते ती बहुतेकदा इथेच.

ज्ञानस्मृती रिकामी जागा भरते

आता मघाचे शब्द आठवा. त्यात "छत्री" होता का? "इरलं" होता का? आणि "पाऊस" होता का?

बऱ्याच जणांना "पाऊस" वाचल्याचं स्वच्छ आठवेल. यादीत तो शब्द नाही. आता मागे जाऊन पाहायला हरकत नाही. १९९५ साली हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमट यांनी अशाच याद्यांचा प्रयोग केला. यादीत नसलेला मध्यवर्ती शब्द लोकांनी साधारण निम्म्या वेळा "होता" म्हणून सांगितला, आणि तोही खात्रीनं. खोटं बोलून त्यांना काहीच मिळणार नव्हतं.

याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं: मेंदू घटनेची दोन टिपणं ठेवतो. एक शब्दशः, दुसरं मतितार्थाचं. शब्दशः टिपण लवकर पुसट होतं, मतितार्थ टिकतो. मग आठवताना मेंदू मतितार्थावरून शब्द परत तयार करतो. सगळे शब्द पावसाचे होते, म्हणजे "पाऊस" असणारच.

मावशींच्या नवव्या माणसाचं हेच झालं. हा माणूस पहिल्या आरोपीचा चुलतभाऊ. गावात दोघे कायम एकत्र. ग्रामपंचायतीत एकत्र, चहाच्या टपरीवर एकत्र, आधीच्या वर्षीच्या भांडणातही एकत्र. मावशींची ज्ञानस्मृती सांगत होती, एक आहे तिथं दुसरा असतोच. विहिरीच्या कडेला अंधारात कुणीतरी काठी घेऊन उभं होतं. प्रसंगस्मृतीत त्याचा चेहरा नव्हता. चेहरा ज्ञानस्मृतीनं पुरवला.

शहरात अनोळखी चोराला ओळखताना चूक होते, ती वेगळी. खेड्यात सगळेच सगळ्यांना ओळखतात. तिथं प्रश्न "तो कोण" हा नसतो, "तो त्या वेळी तिथं होता का" हा असतो. आणि या प्रश्नाच्या उत्तरात गावाची वर्षानुवर्षांची माहिती नकळत मिसळते.

"ओळखीचं वाटतं", पण कुठून?

एखादी गोष्ट ओळखीची वाटणं आणि ती कुठून कळली हे आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झटकन होतं. दुसऱ्याला वेळ लागतो आणि ते सहज चुकतं.

ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांना १९७० च्या दशकात बलात्काराचा आरोपी म्हणून पकडलं होतं. पीडितेनं त्यांना ठामपणे ओळखलं. पण हल्ल्याच्या वेळी थॉमसन दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमात बोलत होते. त्या बाईच्या घरात तोच कार्यक्रम चालू होता. चेहरा पडद्यावरचा आणि भीती खोलीतली. आठवणीनं दोन्ही जोडले.

माझाच अनुभव सांगतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी आपल्या तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. गाव दिसेना, ही बातमी बाहेर कळली ती तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. कित्येक वर्षं मी सांगत आलो, "मी त्या दिवशी घोडेगावच्या एसटी स्टँडवर होतो. लोक घोळक्यानं उभे होते, एक चालक हातवारे करून सांगत होता." चालकाच्या अंगातला ओला शर्टसुद्धा मला दिसतो.

मी तिथं नव्हतोच. मी पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि त्या दिवशी वसतिगृहात होतो. माझ्या आत्यानं एकदा टोकलं, "अरे, तूच तर पुण्याहून फोन केलास ना, आमच्याकडं सगळे ठीक आहेत का म्हणून." मला पटलं नाही. मग जुन्या वहीत त्या तारखेचं पान सापडलं, पुण्यातल्या तासिकेच्या नोंदींचं, माझ्याच अक्षरात. घोडेगावला मी तिसऱ्या दिवशी मदतीचं सामान घेऊन गेलो होतो. चालकाबद्दल वर्तमानपत्रात वाचलं होतं. स्टँड माझ्या रोजच्या ओळखीचा होता. तीन खरे तुकडे आणि त्यांचं जोडून झालेलं एक खोटं चित्र.

असं होणारा मी एकटा नाही. १९९२ साली नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमच्या बाइल्मर भागात मालवाहू विमान इमारतीवर कोसळलं. काही महिन्यांनी संशोधकांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाचं चित्रण तुम्ही टीव्हीवर पाहिलं का? निम्म्याहून जास्त लोक "हो" म्हणाले. त्या क्षणाचं चित्रण अस्तित्वातच नव्हतं. नंतरची दृश्यं पाहून आणि वर्णनं ऐकून ते मनात तयार झालं होतं.

आता आपल्या मोबाईलचा विचार करा. घटना घडली की तासाभरात व्हॉट्सॲपवर दहा व्हिडिओ येतात. त्यातले काही दुसऱ्याच गावचे असतात. चार दिवसांनी जबाब देताना डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं आणि मोबाईलवर पाहिलेलं कुठलं, हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही.

भीतीची आठवण

भावनेच्या स्मृतीशी मेंदूतल्या अमिग्डाला या छोट्या भागाचा जवळचा संबंध आहे. जिवावर बेतलेला प्रसंग तो खोल कोरतो. पण कोरतो ते सगळं नाही. धोक्याचा गाभा ठळक राहतो, कडेचे तपशील पुसट होतात.

जुन्नर-आंबेगावात बिबट्याच्या हल्ल्याचा अनुभव घराघरात आहे. उसाच्या फडातून बिबट्या अचानक समोर आला, त्या माणसाशी बोलून पाहा. डोळे, दात, गुरगुरणं तो जसंच्या तसं सांगेल. बरोबर कोण होतं, ते कुठल्या बाजूला होतं, किती वेळ गेला, हे विचारलं की उत्तरं डळमळतात. दोन सेकंदांचा प्रसंग पाच मिनिटांचा होतो. हल्लेखोराच्या हातात शस्त्र असेल तर साक्षीदाराची नजर शस्त्रावर खिळते आणि चेहरा निसटतो, हे संशोधनातही वारंवार दिसलं आहे. मावशींनाही काठी अगदी नेमकी आठवत होती. काठीला लावलेली लोखंडी कडीसुद्धा.

दुसरी गोष्ट म्हणजे भीतीची आठवण गोष्टीशिवायही राहते. मोठा पाऊस लागला की छातीत धडधडणारी माणसं भीमाशंकरच्या पट्ट्यात मी पाहिली आहेत. शरीर आधी घाबरतं, कारण मन नंतर शोधतं. ज्या माणसाला पाहून मावशींच्या अंगावर काटा येतो, तो माणूस त्या रात्रीशी जोडला जाणं मग सोपं होतं. आधीच्या वर्षी त्यानं खरोखरच शिवीगाळ केली होती. भीती खरी होती, तिच्यावरची तारीख चुकली.

यात एक फसवी गोष्ट आहे. धक्कादायक प्रसंगाची आठवण जास्त जिवंत असते, म्हणून ती जास्त अचूक आहे असं आपण धरून चालतो. जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या, एक हल्ल्याची बातमी कळल्याची आणि एक रोजच्या साध्या प्रसंगाची. पुढच्या महिन्यांत परत विचारल्यावर दोन्हीतले तपशील सारख्याच गतीनं बदलत गेले होते. फरक खात्रीचा होता. साध्या प्रसंगाबद्दलची खात्री कमी झाली, हल्ल्याच्या आठवणीबद्दलची नाही. म्हणून "तिला किती पक्कं आठवतंय" यावरून "ते किती बरोबर आहे" हे ठरवता येत नाही.

वंदना आणि साक्ष

आता माझी चूक. मारहाणीच्या रात्री दवाखान्यातून परतल्यावर मी सगळ्यांना विहारात एकत्र बसवलं. "सगळ्यांचं एकच आलं पाहिजे, नाहीतर केस उभी राहणार नाही," असं मला आधीच्या कार्यकर्त्यांनी शिकवलं होतं. वही घेऊन मी विचारत गेलो. कोण होतं? आणखी कोण? मावशी म्हणाल्या, "विहिरीपाशी कुणीतरी होतं, काठी घेऊन." मी विचारलं, "तो चुलतभाऊ होता का?" क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, "असणारच की." मावशी म्हणाल्या, "हां, तोच वाटतो." मी नाव लिहिलं. मग सगळी हकीकत दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात "वाटतो" गळून पडलं आणि "होता" उरलं.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा "चुराडा झाला" तेव्हा वेग किती होता? आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? "चुराडा" ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हती. फक्त एक क्रियापद बदललं होतं. मी तर मावशींना आख्खा माणूस दिला.

आणि एकत्र बसवण्याचं काय? २००३ साली फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी जोडीतल्या दोघांना एकाच घटनेच्या थोड्या वेगळ्या फिल्म दाखवल्या आणि मग आपापसात बोलू दिलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदारानं सांगितलेली किमान एक गोष्ट "मी पाहिली" म्हणून लिहिली.

आपल्याला हे पटायला जड जातं, त्याला कारण आहे. एकत्र म्हटलं की पक्कं होतं, हा आपला अनुभव आहे. बुद्धवचन शतकानुशतकं लिहिल्याशिवाय टिकलं ते सामूहिक पठणातून. परंपरेनुसार महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भिक्खूंनी एकत्र बसूनच ते म्हटलं. पण पठणात शब्द आधीपासून ठरलेले असतात. चुकलेल्याला दुसरा लगेच सुधारतो. हळूहळू ते सवयीच्या स्मृतीत जातं. वंदना मधल्याच एखाद्या शब्दापासून सुरू करून पाहा, बरेच जण अडखळतील. सुरुवातीपासून म्हटली की जीभ आपोआप चालते.

घटनेला असं ठरलेलं मूळ नसतं. प्रत्येकानं वेगळ्या कोपऱ्यातून वेगळा तुकडा पाहिलेला असतो. तो एकत्र घोकला की एक सुबक हकीकत तयार होते आणि तीच सवयीच्या स्मृतीत जाऊन बसते. मग साक्षीदार प्रसंग आठवत नाही, पाठ केलेलं म्हणतो. उलटतपासणीत मधूनच प्रश्न आला की अडखळतो. कोर्टाला ते पढवलेलं वाटतं आणि एका अर्थानं ते असतंही.

शिवाय आठवण वर काढली की ती काही काळ मऊ होते आणि परत ठेवताना बदलू शकते. करीम नादर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांच्या भीतीच्या आठवणीवर प्रयोग करून हे दाखवलं. आपला साक्षीदार फिर्यादीपासून निकालापर्यंत नातेवाईक, पोलीस, पत्रकार, कार्यकर्ते, वकील यांना किती वेळा हकीकत सांगतो ते मोजा. दर वेळी एखादी गाठ सुटते आणि थोडी वेगळी बसते.

मग साक्षीला किंमत नाही का?

आहे. हे सगळं वाचून कुणी "बघा, पीडितांच्या आठवणी खोट्याच असतात" असं म्हणणार असेल, तर त्यानं काहीच समजून घेतलेलं नाही. तपशील चुकतो, गाभा बहुधा टिकतो. मारहाण झाली, शिव्या जातीवरून होत्या, हात मोडला, हे मावशींच्या साक्षीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं होतं आणि वैद्यकीय कागदही तेच सांगत होते. आणि आठवण चुकते ती सगळ्यांची. आरोपीची, पोलिसाची आणि पंचाचीसुद्धा. फक्त तक्रार करणाऱ्या गरीब बाईच्या चुकीला "खोटं" म्हणतात आणि अधिकाऱ्याच्या चुकीला "नजरचूक".

आपला कायदाही हे जाणतो. एका गोष्टीत खोटा ठरला म्हणून साक्षीदार सगळ्यात खोटा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९५७ सालीच निसार अली खटल्यात बाजूला ठेवलं. दाणे आणि भुसा वेगळा करा, हीच आपल्या न्यायालयांची भूमिका राहिली आहे. १९८३ च्या भरवाडा भोगिनभाई खटल्यात न्यायालयानं किरकोळ विसंगतींना अवाजवी महत्त्व का देऊ नये याची कारणं एकेक करून मांडली. साक्षीदाराकडे छायाचित्रासारखी स्मरणशक्ती नसते. अचानक घडलेल्या घटनेत सगळं टिपता येत नाही. वेळेचा अंदाज माणसागणिक बदलतो. कोर्टाच्या वातावरणात साधा माणूस गोंधळतो आणि नकळत कल्पनेनं रिकाम्या जागा भरतो. आपल्या बाजूच्या वकिलांनी हे निकाल उलटतपासणीनंतरच्या युक्तिवादात ठामपणे वापरायला हवेत.

पण कायद्याच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसता येणार नाही. चूक नको असलेलं नाव घेतलं गेलं, तर एक निरपराध माणूस चार वर्षं कोर्टाच्या चकरा मारतो, हाही अन्यायच आहे. त्या चुलतभावाबद्दल मला कितीही राग असला, तरी त्या रात्री तो तिथं नव्हता.

पहिल्या रात्री काय करायचं

आता आमच्या गटात आम्ही हे पाळतो.

१. आधी उपचार आणि सुरक्षितता, मग फिर्याद. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घ्या.

२. प्रत्येकाची हकीकत वेगळी घ्या, शक्यतो आपापसात चर्चा होण्याआधी. लिहिता येत नसेल तर त्यांच्याच मोबाईलवर आवाज नोंदवा. सुरुवातीला तारीख आणि वेळ सांगा.

३. "तो होता का?" असं विचारू नका. "काय झालं, सांगा" आणि "मग?" एवढंच विचारा. नाव आपल्या तोंडून पहिल्यांदा येता कामा नये.

४. तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. तिन्ही महत्त्वाचे आहेत. पण "वाटलं" मधलं "पाहिलं" मध्ये सरकू देऊ नका.

५. "माहीत नाही", "दिसलं नाही" ही उत्तरं पूर्ण उत्तरं आहेत, हे आधीच सांगा. आपल्या माणसाला मदत करायच्या ओढीनंच बहुतेक जण रिकामी जागा भरतात.

६. दोघांचं सांगणं जुळत नसेल तर जुळवू नका. दोन कोपऱ्यांतून पाहिलेली घटना थोडी वेगळी असणारच.

७. जबाब होईपर्यंत व्हिडिओ परत परत पाहू नका. मूळ व्हिडिओ ज्या मोबाईलवर आहे तिथंच जपून ठेवा.

८. पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून घ्या. "वाटतं" म्हटलं असेल तर "वाटतं" हेच राहिलं पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ए मध्ये पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आहेत आणि कामकाजाच्या चित्रीकरणाची तरतूदही आहे. ते मागा.

९. घटनेनंतर लगेच स्वतः लिहिलेलं टिपण पाहून साक्षीदाराला कोर्टात, न्यायालयाच्या परवानगीनं, आठवण ताजी करता येते. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम १५९ मध्ये ही सोय होती आणि नव्या कायद्यातही आहे. म्हणून पहिल्या रात्रीचं टिपण सोन्यासारखं जपा आणि ते कसं वापरायचं हे वकिलांना विचारा.

दगडावरचं टिपण

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. महाराष्ट्रात किती लेण्यांना लोकांनी पांडवांचं नाव देऊन टाकलंय, नाशिकची तर नावानंच पांडवलेणी. हे कुणी कारस्थान करून केलं असं प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. मोठं, जुनं, दगडाचं काम दिसलं की ते पांडवांचंच, ही ज्ञानस्मृती पिढ्यान्‌पिढ्या रिकामी जागा भरत आली. सांगणारा आजोबा खोटं बोलत नव्हता.

मग खरं कळलं कशावरून? भिंतीवरच्या ब्राह्मी लेखांवरून. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. यवन दात्यांनी दान दिलं. क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्यानं दिलं. काम झालं तेव्हाच, झालं तिथंच, साध्या शब्दांत कोरून ठेवलेली नोंद. लोकांच्या आठवणी बदलल्या, लेख बदलला नाही.

मागच्या वर्षी मी मावशींच्या घरी गेलो आणि त्या रात्रीची माझी वही त्यांना दाखवली. "चुलतभाऊ होता का?" हा माझा प्रश्न मीच माझ्या हातानं लिहिला होता. त्याच्यापुढं त्यांचं उत्तर: "तोच वाटतो." मी ते वाचून दाखवलं आणि सांगितलं, चूक तुमची नव्हती, नाव मी तुमच्या तोंडात घातलं होतं. त्यांनी बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग हे तेव्हाच चौघांत सांगायचं होतंस. लोक चार वर्षं मला बोलले."

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर मी उभा राहिलो आणि ते पान सगळ्यांसमोर वाचलं.